लढाई संपल्यावरचा सुरुंग

परवा धामणकर नाक्यावर ट्रान्सफॉर्मर फुटला. जळक्या तेलाचा वास नाकात शिरला आणि नौदलातली ती जुनी सकाळ अंगावर आली.

एकाहत्तरची लढाई संपली होती. आमचं जहाज समुद्रात पेरलेले सुरुंग काढायचं. परक्या बंदराच्या तोंडाशी आम्ही पाण्यातून लांब तारा ओढत होतो. तारेने सुरुंगाचा दोर कापला की तो वर यायचा, मग आम्ही दुरूनच त्याच्यावर गोळ्या झाडायचो. मागच्या डेकवर माझ्यासोबत वळ गावचा लक्ष्मण होता.

"लढाय संपली हाय, ह्याला कोनी सांगितला न्हाय वाटतं," वर आलेल्या काळ्या गोळ्याकडे बघून तो हसला.

दुसरा सुरुंग आम्हाला दिसलाच नाही. तो तारेत अडकून जहाजाच्या अगदी मागे फुटला. तुटलेली तार चाबकासारखी डेकवर फिरली आणि लक्ष्मण कमरेतून कापला गेला. त्याचं गरम रक्त माझ्या तोंडावर उडालं. मी किंचाळत होतो, पण कानठळ्या बसल्यामुळे मला माझाच आवाज ऐकू येत नव्हता.

कप्तानाने डेक धुवून घेतला आणि पुन्हा तारा सोडायला लावल्या. "बाहर चावल का जहाज खड़ा है," एवढंच तो म्हणाला.

संध्याकाळी ते तांदळाचं जहाज आम्ही मोकळ्या केलेल्या वाटेने आत आलं. धक्क्यावरची माणसं आनंदाने नाचू लागली. तेव्हा मला त्यांच्यावर बंदूक चालवावीशी वाटली होती. आता ते चेहरे आठवतात, तेव्हा त्यांची खपाटीला गेलेली पोटंही दिसतात.