वाटीभर साय

आमच्या कोपऱ्यावरच्या डेअरीवाल्या काकांनी मान वर करून गिऱ्हाइकाकडे बघितल्याचं मला आठवत नाही. नोकरी गेल्यापासून मी रोज त्यांच्याकडून नूडल्सचं एक पाकीट न्यायचो आणि पातेल्यातूनच उभ्यानं खायचो.

"अहो, रोज हेच?" त्यांनी एकदा विचारलं.

"नोकरी गेलीये, काका."

"मग चवही गेली का?"

त्यांनी कढईतल्या दुधावरची साय वाटीत काढली आणि तिच्यावर स्वतःच्या डब्यातला ठेचा ठेवला. "गॅस बंद करून मग नूडल्समध्ये घाला. नाहीतर फाटते."

त्या संध्याकाळी मी ताट घेतलं आणि बसून जेवलो.

रिकामी वाटी कशी परत करायची, म्हणून दुसऱ्या दिवशी तिच्यात राखून ठेवलेल्या त्याच नूडल्स घालून नेल्या. काकांनी वाटी चाटूनपुसून साफ केली.

"मीठ जास्त झालंय," मान वर न करताच ते म्हणाले आणि वाटी पुन्हा सायीनं भरली. "उद्या कमी घाला."