चादरींच्या खोलीतली शाळा

गेल्या मंगळवारी दुपारी दोन वाजता मी आमच्या वॉर्डच्या लिनन रूममध्ये चादरींच्या गठ्ठ्याला टेकून उभी होते... माझ्याच हाताखालच्या एका नर्सच्या शाळेत, पहिल्यांदाच हजर.

थोडं मागून सांगते. सिकंदराबादच्या एका हॉस्पिटलमध्ये मी बायकांच्या सर्जरी वॉर्डची इन्चार्ज सिस्टर आहे. घरी मराठी, वॉर्डात तेलुगू, आणि भांडायची वेळ आली की सगळ्यांचीच दख्खनी.

तीन महिन्यांपूर्वी आमची हँडओव्हरची पद्धत बदलली. आधी ड्यूटी बदलताना सगळ्या काउंटरपाशी घोळका करून फाइली वाचायच्या. आता प्रत्येक खाटेशी उभं राहून, पेशंटच्या देखत, फॉर्मवर खुणा करत सगळं सांगायचं. फॉर्म मी बनवला होता. बारा रकाने... मला त्याचा जरा अभिमानच होता.

मुली पटापट शिकल्या. अडलं ते विजयाम्मांपाशी. या वॉर्डात त्यांची एकोणीस वर्षं झाली, रिटायरमेंटला तीन उरली. खाटेशी त्या फॉर्म नीट भरायच्या, आणि मग दुपारच्या ड्यूटीच्या मुलींना घेऊन लिनन रूममध्ये शिरायच्या. दार लोटून वीस-वीस मिनिटं!

आत काय चालतं म्हणून त्या मुलींतल्या शबानाला विचारलं, तर ती हसायलाच लागली. "अम्मा की एक्स्ट्रा क्लास है मॅडम. अटेंडन्स कंपल्सरी!"

पण अडीचची औषधं तीनवर जायला लागली, तेव्हा हसण्यावारी नेणं शक्य नव्हतं. सुपरिटेंडंट मॅडमनी स्पष्ट सांगितलं, शुक्रवारपर्यंत हे थांबलं नाही तर मेमो द्या आणि त्यांना ओपीडीत पाठवा.

मेमो टाइप करून मी ड्रॉवरमध्ये ठेवला. फक्त सही बाकी होती. अम्मांच्या कानावर ते गेलंच असणार. त्या दिवसापासून त्यांनी माझ्या डब्यातलं लिंबाचं लोणचं मागणं बंद केलं...

मला राग आला होता, नाही म्हणत नाही. पण त्याहून जास्त कोडं पडलं होतं. सलाइन मोजून सोडणारा नवा इन्फ्युजन पंप आला तेव्हा तो सगळ्यांत आधी शिकलेली ही बाई. मग हाच बदल तिला का नको?

म्हणून मंगळवारी सरळ विचारलं, "अम्मा, मी येऊ आत?"

"आओ ना मॅडम. दरवाजा लगा लेना."

आत गेले. वाटलं होतं, माझ्या फॉर्मचा उद्धार ऐकायला मिळेल. पण अम्मा हलक्या आवाजात एकेका खाटेबद्दल बोलत होत्या. चार नंबरचा रिपोर्ट वाईट आलाय, मुलाला माहीत आहे, तिला नाही. डॉक्टर पाच वाजता सांगणार आहेत. तोवर ती तुम्हाला खोदून विचारेल... चेहरा पाडायचा नाही.

मग सात नंबर. "बहू बाजू में बैठी तो दर्द जीरो बोलती. बहू चाय को गयी तो पूछो."

मी चमकले. अर्ध्या तासापूर्वी मी स्वतः सात नंबरच्या खाटेशी उभी होते. 'दुखणं' या रकान्यात माझ्यासमोर शून्य पडलं होतं आणि मी मान डोलावली होती.

(अम्मांची परवानगी घेऊनच लिहितेय. पेशंटचे नंबर आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.)

सून खाली कँटीनला गेल्यावर मी सात नंबरच्या आजींजवळ जाऊन बसले. शून्य ते दहामध्ये किती दुखतंय, ते पुन्हा विचारलं. त्यांनी आधी दाराकडे पाहिलं.

"सात है बेटी... बहू को नक्को बोलो. और छुट्टी डाली तो उसकी नौकरी जाती."

डॉक्टरांना विचारून त्यांना औषध दिलं, तेव्हा त्यांनी माझं बोट घट्ट धरून ठेवलं होतं. किती दिवस त्या अशा कळ दाबून पडून होत्या, ते विचारायचं धैर्य मला झालं नाही.

अम्मांना म्हटलं, हे तीन महिन्यांत एकदा तरी मला सांगायचं होतंत ना? त्या चादरीची घडी घालत राहिल्या. "तुम पूछे किधर मॅडम? ट्रेनिंग दिये, सवाल नहीं पूछे."

खरंच होतं. पेशंटसमोर बोलायचं म्हणजे पेशंट ऐकणार, तिची सून ऐकणार, शेजारची खाट ऐकणार... इतकी साधी गोष्ट फॉर्म बनवताना माझ्या डोक्यातही आली नव्हती. ती ज्या बाईला रोज सांभाळावी लागत होती, तिलाच मी वॉर्डातून काढायला निघाले होते.

शुक्रवारी मी सही न केलेला मेमो घेऊन सुपरिटेंडंट मॅडमकडे गेले आणि चूक माझी आहे म्हणून सांगितलं. मग सुचवलं, खाटेशी जायच्या आधी पाच मिनिटं लिनन रूममध्ये, जे समोर बोलता येत नाही तेवढंच. बाकी सगळं खाटेशी. त्यांनी एकच प्रश्न केला... औषधं वेळेवर जातील? मी अम्मांना न विचारताच हो म्हणून बसले. शेवटी एक महिना मिळाला. बघू.

अम्मांना वीस मिनिटांची सवय, पाचात आवरायला त्यांना जड जातंय. शबाना घड्याळ दाखवते, त्या तिला डोळे वटारतात. पण परवापासून अडीचची औषधं अडीचलाच जातायत.

आणि काल जेवायला बसलो, तर अम्मांनी न विचारता माझा डबा पुढे ओढला, झाकण उघडून आत पाहिलं आणि म्हणाल्या, "अचार किधर है?"

आठवडाभर कुणी मागितलं नव्हतं, म्हणून आणायचंच सोडलं होतं मी... आज बरणीच घेऊन निघालेय.