सरळ उमटलेला शिक्का

माझे पती कियोताका इसोगाई चौतीस वर्षं एकाच मोटार कारखान्यात सायलेन्सरच्या नळ्या जोडत होते. आमच्या गावात याचं कुणाला कौतुक नाही, कारण निम्मी घरं त्याच कारखान्यावर चालतात. यांचं वेगळेपण एवढंच की कामगारानं दर महिन्याला सुधारणेची एक चिठ्ठी द्यायची असते, आणि यांची एकदाही चुकली नाही. मी बाळंतपणाच्या कळा देत होते तेव्हाही हे इस्पितळाच्या बाकावर बसून लिहीत होते : हातोडी उजवीकडे टांगली तर दोन सेकंद वाचतात. सासूबाई म्हणाल्या, "कियो, बाळाला बघायला तरी दोन सेकंद काढ."

ते बाळ म्हणजे शुन्पेई. आता अठ्ठावीस वर्षांचा आहे आणि सहा वर्षं यांच्याच हाताखाली काम करत होता.

गेल्या शरदात कंपनीनं विजेच्या गाड्या बनवणाऱ्या एका नव्या कंपनीची गाडी विकत आणली. ती पूर्ण सुटी करून भाग जमिनीवर मांडले आणि जुन्या माणसांना बोलावलं. आपण मागे का पडलो ते बघा, असं सांगितलं. हे सवयीनं आधी सांगाड्याखाली शिरले. नळी कुठून नेलीय ते बघायला.

"दहा मिनिटं शोधत होतो," घरी येऊन म्हणाले.

"विजेच्या गाडीला कसला धूर? एवढं तर मलाही कळतं."

"मलाही कळतं. तरी शोधत होतो."

मी हसले. हे हसले नाहीत.

"आपले लोक गाठतील का त्यांना?" मी विचारलं.

"त्यांनी मोकळ्या जागेवर घर बांधलं. आपल्याला आधी आपलं पाडायचंय. आणि आपली खोली पाडा असं कुणी म्हणत नाही, म्हणून उशीर होतोय."

त्या महिन्याच्या चिठ्ठीत 'काय वाया जातं?' या रकान्यात यांनी लिहिलं : आमचा विभाग. माणसं पाच वर्षांनी विभाग बंद पडल्यावर नको, आत्ताच बॅटरीच्या कामाला द्या.

वाचून मी चिठ्ठी यांच्यापुढे सरकवली.

"बॅटरीचा कारखाना इथून आठ तासांवर आहे. तुमचं काय, दोन वर्षांत निवृत्त व्हाल. पोराचं काय?"

"आज तो नवं शिकेल. पाच वर्षांनी त्याला कोण शिकवणार?"

"दुसरं काही लिहा. हातोडी डावीकडे टांगा म्हणावं."

यांनी चिठ्ठी पाकिटात ठेवली.

ज्याच्या कामावर परिणाम होतो त्याचाही सहीऐवजी नावाचा शिक्का चिठ्ठीवर लागतो. रविवारी शुन्पेई जेवायला आला. तांबड्या मिसोचं सार निवत होतं आणि तो चिठ्ठी पुन्हा पुन्हा वाचत होता.

"बाबा, मी इथे घर बघतोय, हे माहीत आहे ना तुम्हाला?"

"आहे."

"आईला विचारलंत?"

"ती नको म्हणते."

"आणि मी नको म्हटलं तर?"

"तर देणार नाही."

त्यानं शिक्का काढला. आमच्याकडे हाताखालच्या माणसानं आपला शिक्का वरिष्ठाच्या शिक्क्याकडे जरा कलता उमटवायचा असतो, मान झुकवल्यासारखा. सहा वर्षं शुन्पेईचा शिक्का वडिलांकडे कलायचा. त्या दिवशी त्यानं तो ताठ, सरळ उमटवला आणि न जेवता उठला.

यांनी कागद दिव्याजवळ धरला. मग म्हणाले, "शाई चांगली लागलीय."

सूचना मंजूर झाली. मार्चमध्ये विभाग बंद झाला. हे आता गोदामात खोकी मोजतात. शुन्पेई आठ तासांवर एका खोलीत एकटा राहतो. जेवतो का, झोपतो का, नवं काम जमतंय का, याचा घोर मला लागून असतो. विचारलं की 'ठीक आहे' एवढंच म्हणतो.

त्याचा फोन आला की हे टीव्हीचा आवाज बारीक करतात. परवा मी विचारलं, "बाबांना देऊ?"

"झोपले असतील, राहू दे," तो म्हणाला.

हे शेजारीच बसले होते. त्यांनी ऐकलं आणि डोळे मिटून घेतले.