मामांचं छत आणि परत गेलेला आहेर

यंदाच्या अक्षय्य तृतीयेला, संध्याकाळी दिवेलागणीच्या वेळी, जुन्नरमधल्या एका तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटाच्या वास्तुशांतीत माझ्या आत्याच्या यजमानांवर अन्याय झाला. तो माझ्या वडिलांनी केला. मी आजवर खड्ड्यांवर, जळालेल्या रोहित्रांवर, गायब डॉक्टरांवर पत्रकं लिहिली. दोषी नेहमी पलीकडचा असायचा, त्यामुळे लेखणी कशी सपासप चालायची. या वेळी दोषी आमच्याच ओसरीवर बसून पेपर वाचतो आहे आणि मला मान वर करवत नाही.

आत्याच्या यजमानांना आम्ही मामा म्हणतो. जुन्नर-आंबेगावात त्यांच्यासारखा घर सजवणारा माणूस झाला नाही आणि होणारही नाही, कारण तसं सजवायला आधी खिशात काहीच नसावं लागतं. साखर कारखान्यात फिटर म्हणून जन्म गेला, भाड्याच्या खोल्या बदलण्यात निम्मी भांडी फुटली, आणि निवृत्तीचा सगळा पैसा या फ्लॅटाने गिळला. सजावटीला उरले ते मामा स्वतः. "वस्तू इकत घ्यायची नसती रं," ते मला सांगायचे, "ती भेटती. आपण फकस्त बघत चालायचं." आणि ते खरोखरच बघत चालायचे. त्यांच्यासोबत एसटी स्टँडपर्यंत जाऊन आलं तरी परतताना आपल्या काखेत एखादी फळी असायची. गावात कुठे रंगकाम निघालं की मामा डबा घेऊन हजर. उरलासुरला रंग मागून आणायचा आणि सगळा एकत्र ढवळायचा. त्यातून हॉलला जो रंग आला त्याला अजून कुठल्या कंपनीने नाव दिलेलं नाही. आत्या त्याला 'भरीत' म्हणते. सोफा टोमॅटोच्या फुटक्या क्रेटचा, वर जुन्या साड्यांची गोधडी. तासभर बसून उठलं की मांडीवर जाळी उमटलेली. झुंबर ठिबकच्या टाकाऊ नळ्यांचं, गोल वळवून त्यात गणपतीच्या माळेतले दिवे ओवलेले. त्याला खताचा वास येतो असं मी एकदा म्हटलं, तर म्हणाले, "येऊ दे की राव! पिकाला चालतो, तुला का चालत नाय?"

पण त्यांचा खरा जीव अडकला होता छतात. एका बँकेत त्यांनी आतून उजेड येणारं छत पाहिलं होतं आणि तेव्हापासून त्यांना झोप नव्हती. त्यांनी लाकडी पट्ट्यांची चौकट ठोकली, वर ट्यूब बसवल्या आणि खालून ताणायला फ्लेक्स घेतले. फ्लेक्सला आमच्याकडे तोटा नाही. वाढदिवस, निवड, नियुक्ती, श्रद्धांजली... चौकात चढतो तो वाजतगाजत, उतरवायला मात्र कुणी येत नाही. मामा आणायचे, घासून धुवायचे. छपाई वरच्या अंगाला, पांढरी पाठ खाली. दिवसा पाहिलं तर छत अगदी सायीच्या दुधासारखं! विजेचं मीटर नेमकं वास्तुशांतीच्या दिवशी बसलं, त्यामुळे दिवे लावून बघायचं तेवढं राहून गेलं.

संध्याकाळची पंगत उठली होती. वडिलांनी माहेरचा आहेर पाटावर ठेवला होता, आत्याला साडी, मामांना टॉवेल-टोपी. कुणीतरी ओरडलं, "पावणं, दावा आता तुमची ब्यांक!" मामांनी ऐटीत बटण दाबलं. छत उजळलं आणि त्यातून उलट्या अक्षरांसकट एक युवा नेते केक कापताना प्रकट झाले. शेजारी, डोक्यामागे तेजोवलय, हात जोडलेले, माझे आजोबा. आत्याचे आणि वडिलांचे वडील. ते वारले तेव्हा वडिलांनी आळेफाट्यावर लावलेला तोच श्रद्धांजलीचा फ्लेक्स.

"आयला, म्हातारा केक खायाला आला!" मागून आवाज आला आणि सगळी खोली हसून फुटली.

वडील हसले नाहीत. "दाजी, माझा बाप हाय त्यो! फुकटचं छत पायजे म्हून टांगला व्हय? आयुष्यभर दळिद्री ते दळिद्रीच!"

मामांनी तोंड उघडलं, आत्याकडे पाहिलं आणि मिटलं. आत्याने दिवे मालवले. त्या अंधारात वडिलांनी पाटावरचा आहेर उचलला आणि जिना उतरले. आमच्याकडे आहेर परत नेणं म्हणजे बहिणीला चारचौघांत सांगणं, तुला माहेर उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी गेलो तर मामा स्टुलावर चढून खिळे उपसत होते. मी चिडून विचारलं, "तिथल्या तिथं बोलला का नाहीत?"

"काय बोलू? वादळात तुटून गटारीत पडला व्हता फ्लेक्स. तुझं आजोबा चिखलात, वरनं ट्रॅक्टर चाललेलं. उचलला, धुतला, हॉलात लावला. म्हणलं, दिसला नाय तरी लेकीच्या डोक्यावर बाप असू दे." मग खिळा खिशात टाकत म्हणाले, "हे चारचौघांत सांगितलं असतं, तर तुझ्या बापानं बापाला गटारीत सोडला असं झालं असतं. मेव्हणा हाय माझा. त्याला खाली बघाय लावू व्हय?"

खाली बघतो आहे तो मी. हे सगळं मी वडिलांना शब्दन् शब्द सांगितलं. त्यांनी पेपरचं पान उलटलं.

आता छत उघडं पडलंय. ट्यूब वायरीला लोंबतायत. मामा हल्ली रस्त्याने सरळ समोर बघून चालतात. परवा उकिरड्याशेजारी खिडकीची एक धडधाकट सागवानी चौकट पडली होती, आणि ते तिच्यावरून पुढे निघून गेले. मीच थबकलो. भाऊबीज जवळ आलीय, म्हणून आत्या परवा फोनवर एवढंच म्हणाली, "दादाला साखर निघाली म्हनं. मग करंज्या कमी गोडाच्या करू का रं?"

मी फोन ठेवला आणि लेखणी उचलली. हे तुमच्यापुढे मांडतो आहे. तुम्ही त्या पंगतीला जेवला असा की नसा, आमच्या आळे गावात माझे वडील तुम्हाला भेटतीलच. चहा पाजल्याशिवाय ते कुणाला सोडत नाहीत. तो चहा घेऊ नका. आधी तोंडावर विचारा, "बहिणीकडं कधी निघालाय?"