चाखणबाईची जीभ

गोदामात तिला सगळे चाखणबाई म्हणत. औषधाच्या कारखान्यात येणारा रानातला हिरडा सव्वीस वर्षं तिच्याच जिभेवरून पुढे जायचा. आधी पाण्यात टाकायचा. तरंगला तर बाद. मग पोत्यातला एखादा फोडायचा, हुंगायचा, चघळायचा. जीभ तुरट होऊन आखडली की पोत्यावर खडूची खूण. त्या खुणेपुढे बोलायची मॅनेजरचीसुद्धा टाप नव्हती.

महिन्यापूर्वी मेला ताप आला आणि जाताना चव, वास दोन्ही घेऊन गेला. तिने ब्र काढला नाही. चव नसलेल्या चाखणबाईला ठेवतंय कोण? घरी नवरा अंथरुणाला खिळलेला, मिळवती ही एकटी. मग काय, अंदाजपंचे खुणा सुरू!

त्या दिवशी बारा पोती झाली. तेराव्यातला हिरडा वरून कसा देखणा, पाण्यात बुडलेलाही. फोडला तर आत काळी बुरशी. एरवी पोत्याचं तोंड सोडतानाच तिला वास आला असता. आता नाकाशी धरला तरी काही नाही. म्हणजे आधीच्या बारा पोत्यांतल्या न फोडलेल्या हिरड्यांत काय होतं?

तेवढ्यात प्रयोगशाळेतली केमिस्ट पोरगी आली. "मावशी, तुमची खूण दिसली की मी पुढे तपासतच नाही बघा. माझ्या आईलासुद्धा आपलंच चूर्ण देते."

"पोरी, मला चव लागत नाही गं."

"काहीतरीच! सकाळी सकाळी थट्टा करता होय?"

चाखणबाईने तो बुरसटलेला तुकडा तोंडात टाकला आणि शेंगदाण्यासारखा चघळला. तोंड जरासुद्धा वाकडं झालं नाही. पोरीचं हसू मावळलं.

"थुंका मावशी! आधी थुंका!"

ती थुंकली. पोरगी भराभर पोत्यांवरच्या खुणा पुसू लागली. मध्येच तिचा हात थांबला.

"कधीपासून?"

"महिना झाला."

महिन्याभराचा माल दळून, बाटल्यांत भरून कधीच बाहेर गेला होता. पोरीने घरी फोन लावला.

"आई, परवा आणलेली चूर्णाची बाटली उघडलीस का गं?"

पलीकडचा आवाज चाखणबाईलाही स्पष्ट ऐकू आला. "अगं, कालच! जरा कुबट लागलं, पण म्हटलं, तुमच्याकडचं आहे, चांगलंच असणार."