काचेला लागलेली हळद

कडूबा वडनेर भोलजी गावचा. बुलढाण्याच्या एका कॉलेजात, पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत तो सहा वर्षं सेवक होता. नोकरी अजून कच्चीच होती. काचा मात्र त्याच्याइतक्या स्वच्छ कोणी धुवत नसे.

त्या वर्षी रंगराव सर उन्हातून वीज काढायच्या खटपटीत होते. खास काचेवर निळ्या रंगाचा पातळ थर आणि त्यावर चांदीचा वर्ख. "दोन थर जिथं भेटतात ना कडूबा, सगळं तिथंच घडतं," ते म्हणत. "तिथं बोटाचा ठसासुद्धा नको."

खंडेनवमीला सर गावी होते. कडूबानं दरवर्षीसारखी उपकरणं पुजली. तराजू, भिंगं, काट्याचं मीटर. पूजेच्या ओघात, धुऊन ठेवलेल्या एका काचेलाही हळदकुंकवाचं बोट लागलं. त्यानं घाईनं धोतराच्या सोग्यानं ते पुसलं. काच लख्ख दिसली. तिचा एक कोपरा उडालेला होता.

पंधरा दिवसांनी, थर चढवल्यावर, त्याच कोपरा उडालेल्या काचेवर मीटरचा काटा इतरांच्या दुप्पट सरकला. सर हसत खुर्चीतून उठले. कडूबाला ते हळदीचं बोट आठवलं.

"हे नागपूरच्या विज्ञान-मासिकाला टाक," सरांनी पाकीट दिलं. "आकडा छापून येईल आता."

पोस्टाच्या पेटीपर्यंत तो दोनदा गेला आणि पाकीट सदऱ्यात घालून घरी आला.

"काऊन जेवून नाई राह्यले?" त्याच्या बायकोनं, गोजरबाईनं विचारलं. "छातीशी कोनाची चिठ्ठी धरून बसले?"

"सरांची."

"मंग त्याहीलेच नेऊन द्या. माह्या भाकरीवर काऊन राग?"

सकाळी त्यानं पाकीट सरांच्या टेबलावर ठेवलं.

"सर, त्या काचेले म्या हळद लावली होती. नवमीची. पुसली, पन लावली होती."

सरांनी ती काच उजेडापुढं धरली. मोरीतला नळ ठिबकत होता. कडूबा थेंब मोजत राहिला.

"काल का नाही सांगितलंस?"

"भेव वाटलं. तुमी कामावरून काढसान म्हून."

"आणि आज?"

"आजबी वाटूनच राह्यलं."

सरांनी पाकीट फोडलं, आकड्यावर आडवी रेघ मारली. मग एक कोरी काच त्याच्यापुढं सरकवली.

"घरून हळदकुंकू आण. लाव बोट आणि पूस, तसंच. काटा हळदीनंच सरकला का, ते बघू."

त्यानं आणलं. बोट काचेवर टेकेना, इतकं थरथरत होतं.

"थरथरू दे," सर म्हणाले. "फक्त त्या दिवशी लावलंस तेवढंच लाव."