दोन्ही मनगटं

वडील गेले, आणि सावडण्याच्या दिवशी नीरा नदीच्या उतारावर पाय घसरून मी डाव्या तळहातावर पडलो.

मी डावखुरा. कळंबच्या शाळेत मराठी शिकवतो. दहावं-तेरावं होईपर्यंत हाताकडे बघितलं नाही. नंतर इंदापुरात एक्स-रे काढला. हाड मोडलेलं नव्हतं. मुरगळला असेल म्हणून तेल चोळत राहिलो. सूज उतरली, पण फळ्यावर लिहिताना मनगट वळलं की आत कट्ट व्हायचं आणि खडू गळायचा. लिहिणं सुटलं तर वर्गात उभं कसं राहायचं, हा विचार पाठ सोडेना.

शेवटी माझे चुलते, तात्या, मला बारामतीला हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी आधी उजवा हात मागितला.

"दुखतोय डावा," मी म्हणालो.

"काहींची मनगटं मुळातच सैल असतात. तुमचं कसं आहे ते आधी कळू दे."

तात्यांचं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. "बराबर हाय. लंगड्या मेंढराचा बी आमी आधी चांगला पाय चाचपतो. बस गप."

उजवं मनगट दाबून, वळवून झालं; काही वाजलं नाही. मग डावा. पहिली 'पियानो की टेस्ट'. करंगळीच्या बाजूला मनगटावर जो उंचवटा असतो, तो पेटीच्या पट्टीसारखा दाबायचा आणि खाली जाऊन उसळतो का ते बघायचं.

"डाक्टर भजनात बसत्यात वाटतं," तात्या पुटपुटले. पट्टी घट्ट होती. तो सांधा ठीक होता.

दुसरी 'स्कॅफॉइड शिफ्ट टेस्ट'. स्कॅफॉइड म्हणजे अंगठ्याच्या मुळाशी, मनगटातलं एक लहान हाड. डॉक्टरांनी तळहाताकडून त्यावर आपला अंगठा रोवला आणि माझं मनगट करंगळीकडून अंगठ्याच्या बाजूला वळवलं. कळ मस्तकात गेली. त्यांनी अंगठा काढला आणि आत कट्ट झालं. फळ्यापाशी व्हायचं तेच. इतके दिवस ते फक्त मला ठाऊक होतं.

"पुन्हा करून दाखवता?" दुखणं विसरून मी विचारलं.

"एकदा पुरे," ते हसले. "हात स्थिर ठेवून फोटो काढला, तेव्हा हाड जागेवर होतं. हलवल्यावर ते सरकतं. दोन हाडांना बांधून ठेवणारं लिगामेंट, म्हणजे चिवट पट्टा, तुटलंय." मग त्यांनी विचारलं, "पडताना दुसरा हात टेकला नाहीत?"

"उजव्या हातात वडिलांच्या अस्थी होत्या. वाटेत खाली टेकवायच्या नसतात."

"म्याच बजावलं हुतं त्याला," तात्या हळू म्हणाले.

पुण्यात ऑपरेशन झालं. हाडांत तारा घातल्या, प्लास्टर चढलं, उतरलं. बारामतीच्या डॉक्टरांनी हात हातात घेतला नसता, तर मी अजून तेलच चोळत असतो. तुम्ही हातावर पडला असाल, एक्स-रे चांगला आला असेल आणि तरी मनगट वाजत असेल, तर थांबू नका. दोन्ही मनगटं दाखवा.

माझं डावं मनगट आता निम्मं वाकतं. फळ्यावर लिहितो, सावकाश.